खिडकीजवळची खुर्ची

माझ्या मावशीच्या आयुष्यावर चित्रपट काढायचे ठरले, तेव्हा दिग्दर्शकाने सर्वप्रथम जाहीर केले की हे काम तो तिच्या पायाशी बसून करणार आहे. पायाशी बसणाऱ्यांविषयी माझे निरीक्षण असे आहे की त्यांची नजर बहुधा पादत्राणांवर असते.

मावशी एकेकाळी दूरदर्शनवरची सर्वांत लाडकी विनोदी नटी होती. दर आठवड्याला ती एका वेंधळ्या गृहिणीची भूमिका करी. दर आठवड्याला घरातले एखादे यंत्र तिच्यावर उलटे आणि दर आठवड्याला तिचा नवरा येऊन बटण बंद करी. पडद्यावरचा नवरा हाच प्रत्यक्षातलाही नवरा. दोघांनी मिळून स्टुडिओ उभारला, पुढे संसार मोडला आणि मावशीने त्यांचा हिस्सा विकत घेऊन स्टुडिओ एकटीच्या अंगावर घेतला. जिला साधा मिक्सर आवरत नाही असे सगळ्या जगाने पाहिले होते, तिच्या हातात अख्खा कारखाना आला. वर्तमानपत्रांनी त्या काळी जे विनोद केले ते मी संशोधनासाठी एकत्र वाचले आहेत. त्यांतला एकही नवा नाही, हे त्या मंडळींच्या प्रतिभेविषयी पुरेसे बोलके आहे.

घटस्फोटाने नाते मोडते, संबोधन मोडत नाही. मावशीचे ते यजमान आमच्या घरात शेवटपर्यंत 'काका'च राहिले. काकांविषयी एवढेच सांगणे न्याय्य होईल की ते दिसायला देखणे होते आणि गप्प बसण्यात वाकबगार होते. मावशीने एकटीने जो सर्वांत मोठा निर्णय घेतला, तो खरे तर काकांचाच, असे लोक म्हणू लागले तेव्हा काकांनी ते कधी कबूल केले नाही आणि कधी नाकारलेही नाही. ते फक्त स्मित करीत. त्या एका स्मितावर त्यांनी उरलेले आयुष्य सुखाने काढले.

तो निर्णय असा. स्टुडिओच्या संचालक मंडळापुढे एक मालिका आली होती. रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या परिचारिकांची. तिच्यात नायक नव्हता, लग्न नव्हते, खलनायिकाही नव्हती. दुखणारे पाय होते, मरणारी माणसे होती आणि त्यांच्या उशाशी बसून केलेली चेष्टामस्करी होती. मंडळातला एकूणएक गृहस्थ विरोधात होता. मावशीने ती मंजूर केली. पुढे त्या मालिकेने स्टुडिओला तर जगवलेच, पण इतरांनी तिच्या इतक्या नकला केल्या की आजही रुग्णालयाची मालिका काढणारा प्रत्येक जण नकळत मावशीचेच मीठ खात असतो.

त्या बैठकीत काका नव्हते. ते त्या वेळी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या घरात, दुसऱ्या बायकोसोबत होते.

म्हणूनच चित्रपटासाठी संमती देताना मावशीने एकच अट घातली. ती ऐंशीच्या पुढे गेलेली, गुडघे गेलेले, डोके शाबूत.

"मला जिथे पाडायचं तिथे पाडा, रडवायचं तिथे रडवा," ती म्हणाली. "फक्त ती बैठक झाली तशी दाखवा. निर्णय कुणी घेतला ते लोकांना दिसू दे."

"अगं, पण मी माझ्या ग्रंथात ते सप्रमाण लिहिलंय," मी म्हणाले. मी विद्यापीठात दूरदर्शनचा इतिहास शिकवते.

"लिहिलंयस गं. पण वाचलंय कुणी? तुझ्या आईनेसुद्धा अर्पणपत्रिकेच्या पुढे पान उलटलेलं नाही."

"धाकटे, माझे डोळे दुखतात," आई आतून म्हणाली.

"बघ. मी गेल्यावर लोक सिनेमाच खरा मानणार. त्यात तो निर्णय माझा असेल तर माझा. नसेल तर गेला."

करारातले ते कलम मी लिहिले. बैठकीचे ध्वनिमुद्रण सुदैवाने शिल्लक होते. मी अशी तरतूद केली की या दृश्यात त्या दिवशी उच्चारलेला एकही शब्द गाळता येणार नाही आणि न उच्चारलेला एकही शब्द घालता येणार नाही. वकिलाने कलम वाचून मला शाबासकी दिली. दिग्दर्शकाने ते न कुरकुरता मान्य केले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण ज्यांचे आयुष्य ग्रंथालयात जाते, त्यांना जगात शब्दांखेरीजही काही घडते हे जरा उशिराच कळते.

दिग्दर्शक पहिल्यांदा घरी आला तो मावशीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीला घेऊन. चाळिशीच्या आतबाहेरचा, दाढी विस्कटलेली दिसावी म्हणून रोज विंचरणारा. आल्या आल्या त्याने वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला, कारण सोबतचा छायाचित्रकार मागे पडला होता.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या कामात जी उत्स्फूर्तता होती ना, ती मला पकडायची आहे."

"उत्स्फूर्तता?" मावशी म्हणाली. "माझ्या डोक्यावर पिठाचा डबा पडायचा, आठवतो? त्यासाठी आठवडाभर पीठ खाल्लंय मी. डबा किती वाकडा ठेवला की आधी टोपण पडतं आणि मग पीठ, हे शोधायला दोन स्वयंपाकघरं पांढरी केली."

दिग्दर्शक टाळी देण्याच्या बेतात आला. "बघा! आत्तासुद्धा किती उत्स्फूर्त बोलता तुम्ही!"

मावशीने माझ्याकडे पाहिले. नाटकात अशा वेळी प्रेक्षक हसतात.

अभिनेत्री गुणी होती, पण हल्ली गुणी नट्यांना एक रोग जडतो. त्यांना व्यक्तिरेखा तिच्या जखमेतून शोधायची असते. तिने मावशीचा हात हातात घेतला आणि हलक्या आवाजात विचारले, "तुम्ही एकट्या असताना काय करायचात, बाई?"

"शिंकायचे. पिठामुळे."

खरे उत्तर मावशीने दिले नाही, ते मी देते. एकटी असताना मावशी तालीम करायची आणि एकटी नसताना इतरांनाही करायला लावायची. स्टुडिओची प्रमुख झाल्यावर तिने संचालकांच्या प्रत्येक बैठकीची तालीम आमच्या जेवणाच्या टेबलावर केली आहे. आई बँकेचा प्रतिनिधी व्हायची. मामा कायदेतज्ज्ञ व्हायचा, म्हणजे त्याला फक्त डुलक्या काढायच्या असत, आणि ते काम तो जीव ओतून करी. मी शाळकरी वयाची, उशांवर उशा रचून वितरणप्रमुखाच्या जागी बसायची. मला एकच वाक्य होते. "बाजारात चालणार नाही." ते मी इतक्या ठसक्यात म्हणत असे की खरा वितरणप्रमुख पुढे मला फिका वाटला. मात्र याची बाहेर वाच्यता करायची नाही, असा मावशीचा दंडक होता. पडणे असो की निर्णय, पाहणाऱ्याला ते आपसूक झाल्यासारखे वाटले पाहिजे.

आणि कप. कपांचे सांगायलाच हवे, कारण सगळे पुढे कपांवरच आले. स्टुडिओ भाड्याच्या खोलीत होता तेव्हापासून तिथे एक रीत होती. लेखक आणि नट टेबलाभोवती बसून नवा भाग वाचत. ज्याला तो पसंत नसेल त्याने आपला कप बशीत उपडा घालायचा. कप उपडा असेतो त्याला चहा नाही, आणि एकही कप उपडा असेतो कुणाला सुट्टी नाही. मावशीने ही रीत संचालकांच्या बैठकीतही नेली. त्या गंभीर गृहस्थांना ती आधी पोरकट वाटली, मग फार सोयीची वाटली. तोंडाने नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागते. कप नुसता उपडा घातला की झाले.

परिचारिकांच्या मालिकेच्या दिवशी टेबलावरचे सगळे कप उपडे होते. मावशी थोडेच बोलली. मग उठली, किटली हातात घेतली आणि टेबलाभोवती फिरू लागली. प्रत्येकापाशी थांबून तिने एकेक साधा प्रश्न विचारला. तुमची आई शेवटी रुग्णालयात होती ना? रात्री तिला पाणी कोण द्यायचं? तो गृहस्थ काहीतरी पुटपुटे. मावशी आपल्या हाताने त्याचा कप सुलटा करी आणि चहा ओती. ओतलेला चहा परत किटलीत घालायची कुणाची छाती झाली नाही. फेरी पूर्ण झाल्यावर ती म्हणाली, "चला, गार व्हायच्या आत संपवू या." ध्वनिमुद्रणात हे शेवटचे वाक्य आहे. 'मंजूर' हा शब्द त्यात कुठेही नाही. निर्णय तिने उच्चारलाच नव्हता, ओतला होता.

आणि मी, विदुषी, फक्त शब्द राखून बसले होते.

चित्रीकरणाआधी आम्हाला सेट पाहायला बोलावले. बैठकीची खोली हुबेहूब उभारली होती. टेबल तेच, दिवे तेच, भिंतीवरचे घड्याळसुद्धा तसेच. कप मात्र कुठेच नव्हते. आणि खिडकीजवळ एक खुर्ची होती, जी खऱ्या खोलीत नव्हती. तिच्यात काकांची भूमिका करणारा नायक पाय लांब करून बसला होता. सेटवर त्याला सगळे 'साहेब' म्हणत. चित्रपटाला पैसे मिळाले ते साहेबांच्या नावावर, आणि साहेबांना याचा क्षणभरही विसर पडत नसे.

"हे इथे काय करताहेत?" मी विचारले.

"ते बोलत नाहीत," दिग्दर्शक गोड आवाजात म्हणाला. "करार शब्दांचा आहे, ताई. मी एक अक्षर वाढवलेलं नाही."

"पण ते त्या खोलीत नव्हतेच!"

"शरीराने नव्हते. पण बाईंच्या मनात?"

अशा वाक्यांवर खटला भरता येत नाही, ही कायद्याची मोठी उणीव आहे.

"आणि कप कुठे गेले?" मी विचारले.

"प्रेक्षक गोंधळतील हो. चहा, बश्या... निर्णायक क्षणी इतकी भांडी?"

मावशी इतका वेळ काठी टेकून उभी होती. तिने एकच प्रश्न विचारला. "कॅमेरा कुठे आहे?"

दिग्दर्शकाने अभिमानाने दाखवले. कॅमेरा टेबलाच्या या बाजूला, तोंड खिडकीकडे. अभिनेत्री बोलणार ती कॅमेऱ्याला पाठमोरी. शब्द तिचे, चेहरा साहेबांचा. त्या चेहऱ्यावर आधी चिंता, मग कौतुक, मग अभिमान. ती म्हणणार, "चला, गार व्हायच्या आत संपवू या." आणि साहेब खिडकीतून सावकाश मान डोलावणार. त्या मान डोलावण्याबरोबर मालिका मंजूर. गार काय होणार होते हा प्रश्न कुणाला पडणार नाही, कारण तोवर संगीत सुरू झालेले असेल.

"आवाज तुमचा, नजर त्यांची," दिग्दर्शक म्हणाला. "सहजीवनाचं याहून सुंदर चित्र काय असेल?"

मावशी साहेबांपाशी गेली. "खुर्ची बरी आहे ना?"

"एकदम मस्त, बाई."

"हं. खिडकीची हवा लागेल. तेवढं जपा."

परतीच्या वाटेवर गाडीत मी बोलत होते आणि ती बाहेर बघत होती. स्थगिती, नुकसानभरपाई, वर्तमानपत्रांत निवेदन, माझ्या शस्त्रागारात होते नव्हते ते सगळे मी बाहेर काढले.

"कोर्टात गेलो तर तारीख पडेपर्यंत मीच पडेन," ती म्हणाली. "तुझं ते कलम पक्कं आहे ना? एक शब्द घालता येणार नाही?"

"एकही नाही."

"मग बास. त्या पोरीला जेवायला बोलाव. एकटीला."

अभिनेत्री आली. मावशीने वरण-भात वाढण्याइतका वेळही दवडला नाही. "तुझा सर्वांत मोठा प्रसंग कोणता गं?"

"बैठकीचा, बाई. पुरस्कार मिळाला तर त्याच्यावरच मिळेल, असं सगळे म्हणतात."

"त्यात तुझं काय दिसणार, विचारलंस का?"

"म्हणजे?"

"अंबाडा," मावशी म्हणाली. "छान घाल. पुरस्कार त्यालाच मिळेल."

त्या मुलीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटले ते तिच्या कोणत्याही चित्रपटात मी पाहिलेले नाही. जखम शोधत हिंडणाऱ्या बाईला अखेर एक खरी जखम सापडली होती.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा बैठक भरली. आई पुन्हा बँक झाली. मामा आता खरोखरच ऐकत नाही आणि खरोखरच डुलक्या काढतो, त्यामुळे त्याची भूमिका पूर्णत्वाला पोचली होती. माझे वाक्य मला पाठ होते. खिडकीजवळच्या खुर्चीसाठी मावशीने छत्र्यांचे स्टँड आणवले.

"काकांच्या मानाने बरंच बोलकं निवडलंस," आई म्हणाली.

किटली पाण्याने काठोकाठ भरली, कारण रिकामी किटली धरलेला हात खोटे बोलतो, असे मावशीचे मत. टेबल किती लांब, खिडकी कुठे, कॅमेरा कुठे, सगळे तिच्या डोक्यात होते. सेटवर ती उगीच काठी टेकत फिरली नव्हती.

"या गृहस्थापाशी थांबलीस की तू खिडकीच्या आड येतेस. म्हणजे खुर्चीच्या आड. इथे प्रश्न सावकाश विचार. पुढे सरक. आता पुन्हा आड आलीस, इथे चहा ओत. घाई नको. चहा ओतणाऱ्या बाईला कुणी बाजूला हो म्हणत नाही."

"आणि शेवटी, बाई? शेवटी ते दिसणारच."

"दिसू दे की. शेवटी त्याच्यापाशी जा. किटली घेऊन. थांब. त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. हाताकडे बघ. कप आहे का? नाही. मग पुढे."

मुलीने करून पाहिले. छत्र्यांकडे तिने असा जळता कटाक्ष टाकला की आई दचकली.

"राग नको!" मावशी ओरडली. "किटली घेतलेल्या बाईला कसला राग? कप नाही, चहा नाही. इतकं साधं. राग दाखवलास की तो मोठा होतो."

मुलीने पुन्हा केले. आणि पुन्हा. एका खेपेला ती थांबली, खाली पाहिले, भुवई किंचित वर गेली आणि ती पुढे निघाली. मामा त्याच क्षणी जागा होता. तो खदखदून हसला.

"हं," मावशी म्हणाली. "हे ठेव."

मला अजूनही काही कळत नव्हते. "अगं, पण मान डोलावण्याचं काय? ती तर तो घेणारच."

"घेऊ दे."

निघताना मावशीने मुलीला एकच ताकीद दिली. "तालीम केली म्हणून सांगू नकोस. आतून आलं म्हण."

चित्रीकरणाच्या दिवशी मी हजर होते. अभिनेत्री डोळे मिटून बराच वेळ कोपऱ्यात उभी राहिली. मग दिग्दर्शकाकडे जाऊन म्हणाली की तिच्या हातांना काहीतरी हवे आहे, तिला नक्की सांगता येत नाही, पण आतून काहीतरी येते आहे. दिग्दर्शकाने सगळ्यांना गप्प केले. आतून येणाऱ्या गोष्टींपुढे तो लीन असे. किटली आली, कप आले. संचालक झालेल्या नटांना तिने हळूच सांगितले, की ज्याला मालिका नको त्याने कप उपडा घालावा. जुने नाटकवाले ते, हाताला काम मिळाल्यावर खूश झाले. खिडकीजवळ मात्र कप ठेवायला टेबल नव्हते, म्हणून तिथे कप गेला नाही.

ती उठली, तसा दिग्दर्शक कॅमेरावाल्याच्या कानाशी पुटपुटला, "तिच्या मागे जा. जाऊ दे तिला. तोडू नकोस." कॅमेरा फिरला. ती फिरली. कप एकामागून एक सुलटे झाले. दृश्य संपले तेव्हा दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी होते. "हेच!" तो म्हणाला. "हे लिहून येत नसतं!"

मग साहेबांचे मान डोलावणे स्वतंत्रपणे घेतले. त्यासाठी खास प्रकाश केला होता. साहेबांनी ती मान अशी डोलावली की तिच्यात एका बाईचे, एका उद्योगाचे आणि बहुधा एका युगाचे भवितव्य मावावे. मी घरी येऊन मावशीला सांगितले की सगळे संपले.

"गोड डोलावली?" तिने विचारले.

"फार."

"छान."

चित्रपट प्रदर्शित करण्याआधी थोड्या निवडक प्रेक्षकांना दाखवला. निवडक म्हणजे रस्त्यावरून बोलावलेले. मावशी मागच्या रांगेत शाल गुंडाळून बसली. दोन रांगा पुढे साहेब, त्यांच्या शेजारी दिग्दर्शक. चित्रपटात मावशी भरपूर पडली आणि त्याहून जास्त रडली. ज्या बाईने माझ्या देखत आयुष्यात एकदाच डोळे पुसले, तेही कांदा चिरताना, तिने इथे बाथरूममध्ये, गाडीत, पायऱ्यांवर, आरशापुढे अश्रू ढाळले. मी तिच्याकडे पाहिले. ती शांतपणे बडीशेप चघळत होती.

मग बैठक आली. कप उपडे पडले तसे थिएटर गप्प झाले. कुणी गोंधळले नाही. अभिनेत्री उठली, फिरू लागली, आणि एकेक कप सुलटा झाला तसा प्रेक्षकांमधून एक लहानसा, समाधानाचा आवाज येऊ लागला. शेवटी ती खिडकीपाशी आली. किटली हातात. थांबली. खाली पाहिले. भुवई. पुढे. लोक फिसकन हसले. "चला, गार व्हायच्या आत संपवू या."

आणि पडदाभर साहेबांचा चेहरा आला. भव्य, प्रकाशमान, बिनचहाचा. त्याने सावकाश मान डोलावली.

थिएटर फुटले. हसण्याची एक लाट उठली, ती ओसरायच्या आत दुसरी. आमच्या पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "अगं, पण याला विचारलं कुणी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर आठवड्याला काका येऊन बटण बंद करीत आणि टाळ्या घेत. मावशीने या खेपेला यंत्रही स्वतःच चालवले होते, बटणही स्वतःच बंद केले होते, आणि मग त्यांना आत येऊ दिले होते. तो विनोद रचायला तिला एका शब्दाचीही गरज पडली नाही. आणि त्याचा खुलासा करायला दिग्दर्शकाला एकही शब्द उपलब्ध नव्हता.

साहेब अंधारातच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी जे घडले ते मला अभिनेत्रीने फोनवर, हसू आवरत, सांगितले. साहेबांनी निरोप पाठवला की ते मान डोलावणे काढून टाकावे. दिग्दर्शकाने सहजीवन, आशय, वगैरे सांगून पाहिले. साहेब म्हणाले, "माझं हसं होतंय. काढ." दिग्दर्शकाने ते दुसरीकडे चिकटवून पाहिले. प्रश्नांच्या आधी घातले तर उपडे कप पाहून मान डोलावणारा माणूस मालिकेच्या विरोधात आहे असे वाटे. मध्ये घातले तर त्याचा चेहरा पडद्यावर असेतो टेबलावरचे दोन कप आपोआप भरून जात. एखादे वाक्य घालून निभावावे, तर माझे कलम आडवे. जे कलम निकामी झाले म्हणून मी रडत होते, ते त्या दारात कुलूप होऊन बसले होते. शेवटी मान गेली. चेहरा तर मुलीच्या आडच होता. खिडकीजवळच्या खुर्चीतून आज चित्रपटात जे उरले आहे ते म्हणजे एक गुडघा आणि एक चकचकीत बूट.

चित्रपट गाजला. त्या दृश्यावर लेख आले. एका समीक्षकाने, जो माझा सहकारी आहे हे सांगताना मला लाज वाटते, त्या गुडघ्याविषयी अडीच रकाने लिहिले. पुरुषाला चौकटीबाहेर ठेवण्याचे एवढे धाडस आजवर कोणत्या पुरुष दिग्दर्शकाने दाखवले, असा त्याचा सवाल होता. दिग्दर्शकाने तो लेख मढवून लावला. लवकरच त्याला स्वतःलाही असे आठवू लागले की तो गुडघा त्याला पहिल्यापासून तसाच हवा होता.

पुढे त्या दृश्यासाठी त्याचा सत्कार झाला. मावशीला पहिल्या रांगेत बसवले होते, मला तिच्या शेजारी. अभिनेत्रीने आपल्या वाट्याच्या भाषणात फक्त सर्वांचे आभार मानले आणि खाली उतरताना मावशीकडे पाहून भुवई किंचित वर केली. मग दिग्दर्शक ध्वनिक्षेपकापाशी आला. त्याने छातीवर हात ठेवला.

"लोक मला विचारतात, ही कपांची कल्पना सुचली कशी? मी सांगतो, ती सुचली नाही. ती घडली. सेटवर. त्या क्षणी. तालीम नाही, तयारी नाही. बाईंचा आत्माच जणू खोलीत वावरत होता!"

"अजून आहे म्हणावं," आई मागच्या रांगेतून म्हणाली.

मी उठले. माझ्यापाशी ध्वनिमुद्रण होते, पुरावे होते, आणि आवाज चांगला खणखणीत आहे. मावशीने मनगट धरून मला खाली बसवले. त्या वयातही तिची पकड भरलेली किटली पेलणाऱ्या हाताची होती.

"बस."

"अगं, तो धडधडीत खोटं बोलतोय! सगळं स्वतःच्या नावावर घेतोय!"

"घेऊ दे. बैठक कुणी जिंकली असं दिसतं त्यात?"

"तू."

"मग?"

पडद्यावर ते दृश्य पुन्हा दाखवायला घेतले होते. दिवे मालवले. कप उपडे पडले. मावशी पुढे झुकली आणि तिची बोटे माझ्या मनगटावर पावले मोजू लागली. प्रश्न, थांबा, ओत, सरक. किटली खिडकीपाशी आली, सभागृह हसले, टाळ्या कडकडल्या.

मावशीने नाक मुरडले.

"खिडकीपाशी पोरीने अर्धं पाऊल उशीर केलाय," ती म्हणाली. "त्याचा कान दिसतोय बघ."